मालवण-तारकर्लीत तंबूची जागा निवडताना

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आपण 5 जण, म्हणजे पती-पत्नी, 6 आणि 10 वर्षांची दोन मुले आणि 68 वर्षांच्या आई, मालवणजवळ 3 रात्री तंबूत राहू इच्छिता. आपल्यापुढे चार जागा आहेत. पहिली तारकर्लीत नारळाच्या वाडीतली, दुसरी देवबागच्या टोकाजवळची, जिच्या जाहिरातीत ‘लाटांपासून 20 पावलांवर’ असे लिहिले आहे, तिसरी खाडीपलीकडे भोगव्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, आणि चौथी मालवणच्या उत्तरेस तोंडवळीच्या सुरूच्या बनातली. यांपैकी कोणती घ्यावी आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर असे की, तारकर्लीतली वाडी घ्यावी. ती न मिळाल्यास तोंडवळी घ्यावी. देवबागच्या टोकाजवळची जागा, तिचे फोटो कितीही सुंदर असले तरी, लहान मुले आणि वयस्क आई बरोबर असताना घेऊ नये. गेली 22 वर्षे मी या किनाऱ्यावर शाळांच्या आणि कुटुंबांच्या कॅम्पची व्यवस्था पाहतो आहे, आणि या काळात जागा निवडताना झालेल्या बहुतेक चुकांचे मूळ मला एकाच गोष्टीत दिसले आहे. लोक जागा दिवसाच्या दृश्यावरून निवडतात. तंबूत मात्र मुख्यतः रात्र काढायची असते. रात्री पाणी कुठवर येते, वारा कुठून येतो, प्यायचे पाणी कुठून येते आणि सांडपाणी कुठे जाते, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या जागेवर नीट मिळतात, ती जागा चांगली.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. सुमारे 25 तासांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे आपल्याला ठाऊक असेलच. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. पंधरवड्यातली तिथी जितकी असेल तिला तीनने गुणून चाराने भागावे, म्हणजे अष्टमीला 6 वाजता आणि चतुर्थीला 3 वाजता भरती येते. हा आडाखा मुंबईला चांगला लागू पडतो. मालवणला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. आता हाच हिशेब पौर्णिमेला किंवा अमावास्येला लावून पाहा. पूर्ण भरती साधारण 11च्या सुमारास, सकाळी आणि पुन्हा रात्री. आणि मधली पूर्ण ओहोटी संध्याकाळी 5च्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी समुद्राला उधाण असते, नेमक्या त्याच दिवशी संध्याकाळी पोहोचणाऱ्या पाहुण्याला पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, सर्वांत रुंद दिसते, आणि पाणी सर्वांत वर चढते ते सगळे झोपल्यावर. त्यात हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. पावसाळ्यात हे उलटे होते. त्यामुळे डिसेंबरमध्ये दुपारच्या भरतीची ओली रेघ पाहून ‘पाणी इथवरच येते’ असे मानणे चुकीचे ठरते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पहिल्याच हंगामात, पौष पौर्णिमेला, आम्ही संध्याकाळच्या ओहोटीत कोरड्या, टणक वाळूवर सात तंबू उभे केले होते. रात्री सव्वाअकराला पहिले पाणी तंबूंखालून गेले. कोणाला इजा झाली नाही, परंतु 26 मुलांना अंधारात ओल्या अंथरुणांसह वर हलवताना माझ्या हातापायांत जो कंप होता तो मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, एका वृद्ध तांडेलांनी (मच्छीमारांच्या म्होरक्याने) मला किनाऱ्यावरून चालवत नेले आणि वाळूवर पसरलेली एक वेल दाखवली. आपट्याच्या पानासारखी, मध्ये चिरलेली पाने आणि जांभळट गुलाबी फुले असलेली ती मर्यादवेल. तिचे नावच तिचे काम सांगते. खाऱ्या पाण्याचा शिडकावा ती सोसते, पण जिथे भरतीचे पाणी वारंवार वाळू उलथते तिथे तिला मूळ धरता येत नाही. म्हणून जिथे ती दाट, जुनी आणि जाड देठांची आहे, ती समुद्राची नेहमीची हद्द समजावी. तांडेलांनी दुसरी खूण दाखवली ती होड्यांची. मच्छीमार आपली होडी आणि जाळी ठेवण्याचा मांगर कुठे उभारतात, ते पाहावे. ज्यांची मालमत्ता वर्षभर तिथे राहायची असते, त्यांचा अंदाज आपल्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

म्हणून माझा नियम असा आहे की तंबू मर्यादवेलीच्या मागे, शक्य तर वाळूच्या पहिल्या उंचवट्याच्याही मागे असावा. वेलीवर तंबू ठोकणे मात्र अयोग्य आहे, कारण त्या उंचवट्याची वाळू तीच वेल धरून ठेवते, आणि ती तुडवली गेली की पुढच्या पावसाळ्यात उंचवटा खचतो. पुळणीचा उतार किती अल्प असतो याचाही विचार करावा. 30 मीटर चालल्यावर जिथे जमीन जेमतेम 1 मीटर चढते, तिथे भरती नेहमीपेक्षा केवळ 30 सेंटिमीटर अधिक चढली, तरी पाणी 9 मीटर आत येते. ‘20 पावले’ म्हणजे सुमारे 14-15 मीटर. जाहिरातीतली ती पावले कोणत्या वेळी, भरतीत की ओहोटीत मोजली, हे कोणी सांगत नाही.

देवबागबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ही जागा खरोखरच विलक्षण आहे आणि तिची भुरळ मला कळते. तारकर्लीच्या दक्षिणेला पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूची एक निमुळती पट्टी उरते, आणि तिच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. दोन्ही बाजूंना पाणी, मधोमध माड आणि घरे. परंतु या भूरचनेमुळेच तिथली संकटेही दुहेरी आहेत. किनारा खचू नये म्हणून या गावात ठिकठिकाणी दगडी बंधारे घालावे लागले आहेत, आणि ज्या गावाला आपली घरे अशी राखावी लागतात तिथे समुद्राच्या बाजूला कापडी तंबू लावण्यात शहाणपण नाही. बाहेर पडायला पट्टीच्या लांबीने जाणारा रस्ता एकच आहे. डिसेंबरअखेर त्यावर वाहनांची रांग लागते, आणि आईंना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले तर तो रस्ता आपल्याला हवा असेल. संगमावर तर पोहण्याचा विचारही करू नये. ओहोटी लागली की खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावते, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखालची वाळूही त्या पाण्याबरोबर निघून जाते. मालवणलगतच्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल 2017 मध्ये बेळगावहून महाविद्यालयाच्या सहलीला आलेल्या 8 जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत बहुतेक तरुण विद्यार्थी होते. तेव्हापासून मी कोणत्याही कॅम्पवाल्याला पहिला प्रश्न विचारतो तो तंबूचा नव्हे, तर असा की पाहुणे पाण्यात असताना तुमचा कोणता माणूस किनाऱ्यावर उभा असतो, आणि तो इथलाच आहे का.

देवबागलाच राहायचे असेल, तर रस्त्याच्या खाडीकडील बाजूच्या एखाद्या घरी पक्क्या खोलीत राहावे आणि संगम होडीतून पाहावा. तंबूचा हट्ट मात्र तिथे सोडावा.

आता गोड्या पाण्याबद्दल. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते खाऱ्यापेक्षा हलके असते. विहिरीतून मोजके पाणी काढले तर हा गोडा थर टिकतो. पंप लावून दिवसभर उपसले तर खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर मचूळ होते. एप्रिल-मेमध्ये हे अनेक ठिकाणी दिसते. डिसेंबरमध्ये विहिरी बहुधा चांगल्या असतात, पण ऐन गर्दीच्या आठवड्यात 20 तंबूंचे स्नान एकाच विहिरीवर चालत असेल, तर तेव्हाही पाण्याची चव बदलते. अंघोळीला मचूळ पाणी चालेल. पिण्यासाठी कोणते पाणी देता, हे वेगळे विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न शौचालयाच्या टाकीचा आहे. वाळूतून सांडपाणी झपाट्याने झिरपते. जिथे शोषखड्डा आणि विहीर दोन्ही एकाच माडाखाली आहेत, अशी वाडी मी पाहिली आहे आणि तिथून पाहुण्यांना परत आणले आहे. लहान मुलांना जुलाब झाले तर सहल तिथेच संपते. म्हणून पोहोचल्यावर विहीर आणि टाकी या दोन्ही जागा स्वतः पाहून घ्याव्यात. यात मालकाला वाईट वाटण्याचे कारण नाही, आणि चांगला मालक त्या आपणहून दाखवतो.

हवामानाबद्दल सांगायचे तर आपण निवडलेला काळ तंबूसाठी अनुकूल आहे. या दिवसांत रात्री हवेत सुखद गारवा असतो. एप्रिल-मेमध्ये मात्र रात्रीही अंगातून घाम थांबत नाही, आणि तेव्हा लहान मुलांना तंबूत झोपवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन थंडावली की मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. या दोन्हींच्या मध्ये, साधारण रात्री 8 ते 10 या वेळेत, हवा अगदी पडते. म्हणून तंबूला समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या, एक समुद्राच्या आणि एक जमिनीच्या दिशेला, असणे हे मी आवश्यक मानतो. दार थेट समुद्राकडे असलेला तंबू फोटोत चांगला दिसतो, पण दुपारच्या वाऱ्याने उडालेली बारीक वाळू त्याच दारातून अंथरुणावर येते.

डिसेंबरातली खरी अडचण दवाची आहे. पहाटे माडांवरून पाऊस पडावा तसे दव ठिबकते. एकेरी कापडाच्या तंबूत बाहेरचे दव आणि आतल्या श्वासांची वाफ मिळून छतावरून पाणी गळू लागते, आणि लोकांना वाटते की तंबू फाटका आहे. आतले जाळीचे आणि बाहेरचे जलरोधक, अशी दोन कापडे असलेला आणि त्यांच्यामध्ये वितभर पोकळी असलेला तंबू मागावा. आईंसाठी उभे राहता येईल इतका उंच तंबू आणि त्यात खाट असणे आवश्यक आहे. या वयात गुडघ्यांवर रांगत आत-बाहेर करणे एकदा जमते. रात्रीत तीनदा जमत नाही. कमोडचे शौचालय तंबूपासून 30 पावलांच्या आत आणि वाटेवर मंद दिवा असावा. तंबूच्या खुंट्यांकडेही पाहावे, कारण मातीत वापरायची लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत धरत नाही. जाणकार कॅम्पवाले वाळूने भरलेली पोती हातभर खोल पुरून त्यांना दोर बांधतात.

तारकर्लीच्या वाडीची मी शिफारस केली, तिच्यातही एक गोष्ट तपासावी लागते आणि ती म्हणजे डोक्यावरचे माड. नारळ आणि सुकलेली झावळी यांच्या वजनापुढे तंबूचे कापड काहीच नाही. मालकाला सरळ विचारावे की तंबूंवरच्या माडांचे नारळ आणि सुक्या झावळ्या शेवटच्या केव्हा पाडून घेतल्या. महिन्याभरात पाडलेले असतील तर ठीक. उत्तर टाळले गेले, तर तंबू माडांच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत हलवून मागावा. आंब्याच्या आणि काजूच्या झाडाखाली हुमले, म्हणजे झाडावर पाने शिवून घर करणारे तांबडे मुंगळे, असतात. तिथे मुलांना खेळू देऊ नये. या दोन गोष्टी सोडल्यास वाडीतली जागा आपल्या कुटुंबाला सर्वांत योग्य आहे. सावली आहे, वारा अडतो पण कोंडत नाही, मालकाचे घर त्याच आवारात असते, समुद्र पाच मिनिटांच्या चालीवर असतो आणि मालवण शहर, तिथले ग्रामीण रुग्णालय व बाजार गाडीने जवळ आहेत. वाडी खाडीच्या अगदी काठाला नाही ना, एवढे पाहावे. खाडीकाठी खारफुटीजवळ संध्याकाळी डास आणि चिलटे असह्य होतात.

भोगव्याचा सडा मला व्यक्तिशः अतिशय प्रिय आहे. वरून दिसणारा कर्लीचा संगम आणि भोगव्याची लांब पुळण पाहिल्यावर माणूस बराच वेळ बोलत नाही. तरीही तिथे आपण मुले थोडी मोठी झाल्यावर जावे. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्यावर सावली नाही, वाऱ्याला आडोसा नाही, आणि त्या दगडांच्या कपारींत फुरसे राहते. हा साप लहान आणि मातकट रंगाचा असल्यामुळे सहज दिसत नाही, आणि त्याचा दंश गंभीर असतो. कातळावर अंधारात विजेरीशिवाय आणि बुटांशिवाय पाऊल टाकायचे नाही, हा नियम मोठी माणसे पाळतील, 6 वर्षांचे मूल पाळेलच असे नाही. शिवाय भोगवे समोर दिसत असले तरी मालवणहून रस्त्याने तिथे जायला खाडीला मोठा वळसा घालावा लागतो.

तोंडवळी शांत आहे. कालावल खाडी आणि समुद्र यांच्यामधला तळाशीलपर्यंतचा हा पट्टा अजून गर्दीपासून बराच वाचलेला आहे आणि सुरूच्या बनातली रात्र फार सुंदर असते. तिथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सुरूच्या गळलेल्या काड्यांचा जाड थर जमिनीवर असतो आणि तो एका ठिणगीने पेटतो. बनात शेकोटी करू देणारा कॅम्प असेल तर तो नाकारावा. दुसरी गोष्ट कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि उजेड दिसला की पाण्यातूनच परततात. समुद्राच्या दिशेने प्रखर दिवे लावणारा किंवा पुळणीवर रात्री गाडी नेणारा कॅम्प आपण घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोंडवळीला जाणार असाल, तर शेजारच्या आचऱ्याला गावपळण तर नाही ना, तेही विचारून घ्यावे. काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन अख्खे गाव गुराढोरांसह 3 दिवस वेशीबाहेर झोपड्या उभारून राहते आणि त्या काळात गावात चूल पेटत नाही. हंगाम साधारण आपल्याच सहलीचा असतो. तसे झाले तर आचऱ्याचा बाजार आपल्याला बंद मिळेल. पण वेशीबाहेरची ती वस्ती मुलांना जरूर दाखवावी, कारण तात्पुरत्या निवासासाठी पाणी, सावली आणि शेजार कसा निवडावा हे ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत, आणि दाट वस्तीच्या गावांत 50 मीटरपर्यंत, नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. पुळणीवरच्या तात्पुरत्या पर्यटन सोयींनाही भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर आणि परवानगी लागते, आणि वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास मनाई आहे. आपण पाहुणे म्हणून कागद तपासत बसावे असे मी म्हणत नाही. परंतु जो मालक जागेचा सात-बारा कोणाचा आणि परवानगी कोणाची, या साध्या प्रश्नावर चिडतो, त्याच्याकडचे आगाऊ पैसे हंगामात कारवाई झाल्यावर परत मिळत नाहीत, हा अनुभव आहे.

फोनवर मी पुढीलप्रमाणे बोलतो. तंबूच्या दारात उभे राहून पूर्ण भरतीच्या वेळी काढलेला फोटो आणि जागेचे नकाशावरचे ठिकाण मागवतो. नकाशाच्या उपग्रहचित्रात तंबू आणि ओली वाळू यांच्यामध्ये हिरवा पट्टा दिसला पाहिजे. मग एकूण तंबू किती आणि शौचालये किती, रात्रभर जागा राखणारा माणूस कोण, वीज गेल्यास पर्याय काय आणि वाळूवरून नेलेल्या तारांना गळती होताच वीज तोडणारे बटण आहे का, हे विचारतो. शेवटचा प्रश्न आवाजाचा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, परंतु 31 डिसेंबरसारख्या काही दिवशी शासन सवलत देते, आणि आपल्या तीन रात्रींत ती रात्र येत असेल तर आईंना झोप मिळणार नाही. शाळेच्या सुट्टीची अडचण नसल्यास आपण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यावे. हवा अधिक थंड, गर्दी निम्मी, आणि मालकाला आपल्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो.

फोंडा किंवा गगनबावडा, कोणत्याही घाटाने आलात तरी पहाटे निघून दुपारी 4च्या आत पोहोचावे. डिसेंबरमध्ये इथे सहानंतर लगेच सूर्य मावळतो आणि अंधार पडल्यावर जागा बदलून मागता येत नाही. सामान उतरवण्यापूर्वी मुलांना घेऊन पुळणीवर जावे, मर्यादवेल शोधावी, आणि भरतीने आणून टाकलेल्या शिंपल्यांच्या व काटक्यांच्या सर्वांत वरच्या रेघेवर एक काठी रोवून यावी. सकाळी उठल्यावर ती काठी उभी आहे की वाहून गेली, हे मुलांनाच पाहायला सांगावे, आणि त्यावरून उरलेल्या दोन रात्री तंबू तिथेच ठेवायचा की आणखी आत घ्यायचा, ते ठरवावे.